सक्तीने जुळवलेली वेळ आणि तसाच राहिलेला दोष

संगणकांच्या जाळ्यात एखाद्या यंत्राची वेळ चुकली, की ती हाताने किंवा एखाद्या आज्ञेने योग्य जागी आणून ठेवावी, तेवढ्याने न जमल्यास यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि तक्रार मिटली असे नोंदवावे, ही पद्धत आज इतकी रूढ झाली आहे की तिच्याविषयी प्रश्न विचारावा असे फारसे कोणाला वाटत नाही. तिचे समर्थन करणारे जाणकारही कमी नाहीत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की घड्याळ चुकणे हा किरकोळ बिघाड आहे, अचूक वेळ सांगणारे सर्व्हर जगभर विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि त्यांतील एखाद्याकडून वेळ घेऊन काटा जागेवर आणला की कारण शोधत बसण्याचे प्रयोजन उरत नाही. या म्हणण्याला कामाच्या घाईचा आधार आहे, तर्काचा मात्र नाही. घड्याळातील चूक कशी वाढली, केव्हा वाढली आणि किती वाढली, यांतच तिचे कारण दडलेले असते. सक्तीने वेळ जुळवणारा माणूस नेमकी तीच माहिती पुसून टाकतो, आणि पुष्कळदा पुसता पुसता एक नवा दोष यंत्रणेत सोडून जातो.

या पद्धतीची पहिली चूक अशी, की ती दोन भिन्न गोष्टींना एकच समजते. घड्याळ या क्षणी खऱ्या वेळेपासून किती दूर आहे, हा झाला फरक. आणि ते दर दिवशी किती पुढे धावते किंवा मागे पडते, ही झाली चाल. संगणकातील कालमापनाचा पाया क्वार्ट्झचा स्फटिक असतो. यंत्र बंद असताना बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळात तो सेकंदाला ३२,७६८ कंपने करणारा असतो, तर यंत्र चालू असताना कार्यप्रणाली बहुधा प्रोसेसरमधील त्याहून कितीतरी जलद गणकाच्या आधारे वेळ पुढे नेते. दोन्हींची गती तापमानाप्रमाणे, स्फटिकाच्या वयाप्रमाणे आणि मूळ घडणीप्रमाणे किंचित बदलते, आणि हा बदल दशलक्षांशांत सांगण्याची रीत आहे. एक दशलक्षांश चूक म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद; त्या हिशेबाने ५० दशलक्षांश जलद चालणारे साधारण घड्याळ दिवसाला ४.३२ सेकंद पुढे जाते आणि ७० दिवसांत ५ मिनिटांचा पल्ला ओलांडते. फरक शून्यावर आणला तरी चाल आहे तशीच राहते, म्हणून काटा जागेवर आणल्याच्या दुसऱ्याच क्षणापासून चूक पुन्हा साचू लागते.

हेच आकडे उलट दिशेने वाचले तर ते निदानाचे साधन बनतात. एखादे यंत्र दोन-अडीच महिन्यांनी ५ मिनिटे चुकत असेल, तर त्याचे घड्याळ सामान्य आहे आणि त्याला वेळ पुरवणारी यंत्रणाच बंद पडलेली आहे, असा निष्कर्ष निघतो. तेच यंत्र दोन दिवसांत ५ मिनिटे चुकत असेल, तर त्याची चाल १,७०० दशलक्षांशांहून अधिक बिघडली आहे. इतकी बिघडलेली चाल निरोगी स्फटिकाची नसते, आणि ५०० दशलक्षांशांपर्यंतचीच दुरुस्ती करू शकणारा एनटीपीडी हा प्रचलित कालसेवक कार्यक्रम ती सावरूही शकत नाही. तेथे आभासी यंत्राचा कारभार, प्रोसेसरच्या गणकाची निवड किंवा मूळ हार्डवेअर तपासावे लागते. आणि यंत्र चालू असेपर्यंत वेळ बरोबर, पण रात्री वीज बंद करून सकाळी सुरू केल्यावर तारीखच भलती, असे घडत असेल तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. ही बॅटरी चालू यंत्राच्या चुकीचे कारण नसते, तरीही दिवसा मागे पडणाऱ्या यंत्रांतून ती निमूटपणे बदलली जाते, हे या क्षेत्रातील सवयीने केलेल्या कामाचे ठळक उदाहरण आहे. हे तीन निष्कर्ष काढण्यासाठी काही मिनिटांचे काम पुरते, पण त्यासाठी वेळ जुळवण्यापूर्वी फरक लिहून ठेवलेला असावा लागतो.

यावर रूढ पद्धतीचे समर्थक म्हणतात, की मग दर तासाला आपोआप वेळ जुळवणारी आज्ञा लावून द्यावी. लिनक्सवर एनटीपीडेट ही आज्ञा, झटक्याने वेळ बसवण्याच्या पर्यायासह, क्रॉनच्या वेळापत्रकात टाकण्याची प्रथा याच विचारातून आली. ५० दशलक्षांश जलद घड्याळावर तिचा परिणाम असा होतो, की ते तासभरात ०.१८ सेकंद पुढे जाते आणि मग एका झटक्यात तेवढेच मागे ओढले जाते. म्हणजे त्या यंत्रावर काळ दिवसातून चोवीस वेळा उलटा वाहतो. शिवाय असंख्य यंत्रे नेमक्या तासाच्या ठोक्याला सार्वजनिक सर्व्हरवर तुटून पडतात, ते वेगळेच.

नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजेच एनटीपी, हा जाळ्यातून वेळ जुळवण्याचा करार डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी घडवला. त्याचे पहिले विवरण १९८५ मध्ये आणि आज प्रमाण मानली जाणारी चौथी आवृत्ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. या कराराचे मर्म वेळ विचारण्यात फारसे नाही, कारण वेळ विचारणे सोपे आहे. ग्राहक यंत्र प्रश्न पाठवल्याची वेळ नोंदवते, सर्व्हर तो मिळाल्याची आणि उत्तर पाठवल्याची वेळ नोंदवतो, ग्राहक उत्तर पोचल्याची वेळ नोंदवतो, आणि या चार नोंदींवरून जाण्यायेण्याचा एकूण विलंब व घड्याळांतील फरक हे दोन्ही निघतात. मात्र हे गणित जाण्याचा आणि येण्याचा विलंब सारखा आहे असे गृहीत धरते. एखाद्या कार्यालयातून मोठी बॅकअप फाइल बाहेर पाठवली जात असेल आणि त्यामुळे जाणाऱ्या दिशेने २०० मिलिसेकंदांची रांग लागली असेल, तर अगदी बरोबर असलेले घड्याळही १०० मिलिसेकंद मागे असल्याचे हे गणित सांगेल. नियमित चालणारा एनटीपी कार्यक्रम अशा नोंदी साठवतो, त्यांतील कमीत कमी विलंबाच्या नोंदीला प्राधान्य देतो, अनेक सर्व्हरांची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहतो आणि हळूहळू चालीचाच अंदाज बांधून ती दुरुस्त करतो. सक्तीने एकदाच वेळ जुळवणारी आज्ञा मात्र हातात आलेल्या मोजक्या उत्तरांवर विसंबते. रांग लागलेल्या क्षणी ती दिली गेली तर ती निर्दोष घड्याळात चूक घालते, आणि ती घातल्याचे समाधानही देते.

भारतातील कार्यालयांत आढळणाऱ्या एका चुकीचा विचार येथे विस्ताराने करणे आवश्यक आहे, कारण ती घड्याळाची चूकच नसते. फरक बरोबर ५ तास ३० मिनिटांचा असेल, तर घड्याळ बिघडलेले नसून वेळेचा पट्टा चुकलेला आहे. संगणक आतून समन्वित जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, सांभाळतो आणि पडद्यावर दाखवताना तिच्यात साडेपाच तास मिळवून भारतीय प्रमाणवेळ दाखवतो. पट्टा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहून गेला असेल तर फरक ऋतूनुसार साडेतेरा किंवा साडेबारा तासांचा दिसतो. असे यंत्र पाहून कोणी पडद्यावरचे आकडे हाताने बदलून भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवले, तर डोळ्यांना दिसणारी वेळ बरोबर होते आणि आतली जागतिक वेळ तितक्याच तासांनी चुकते. त्यानंतर सर्व्हरवर प्रवेश नाकारला जातो, संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात, आणि वेळ तर बरोबर दिसते आहे म्हणून शोध भलत्याच दिशेला जातो. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हा घोळ आपोआप होतो, कारण विंडोज मूलतः बॅटरीवरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते आणि लिनक्स त्याच घड्याळात जागतिक वेळ आहे असे मानते. लिनक्स सुरू केल्यावर वेळ साडेपाच तास पुढे दिसते. ती जुळवून घड्याळात लिहिली गेली, की पुढच्या वेळी विंडोज साडेपाच तास मागे पडते. दोन्ही कार्यप्रणाली एकमेकींची चूक दुरुस्त करत राहतात आणि सक्तीची प्रत्येक जुळवणी पुढच्या चुकीची तयारी करते. येथे दुरुस्त करायचा असतो तो एक पर्याय, घड्याळ नव्हे.

वेळ मागे ओढल्याने काय होते, या प्रश्नावर रूढ पद्धतीचे समर्थक सहसा बोलत नाहीत. एखाद्या सेकंदाने काय बिघडते, एवढेच ते विचारतात. १ जानेवारी २०१७ रोजी, जागतिक वेळेच्या मध्यरात्री, म्हणजे भारतात पहाटे साडेपाच वाजता, पृथ्वीच्या परिवलनाशी मेळ राखण्यासाठी काळात एक लीप सेकंद मिळवण्यात आला. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या नामशोध सेवेतील कार्यक्रम एखाद्या सर्व्हरला उत्तर द्यायला किती वेळ लागला हे दोन वेळांच्या वजाबाकीने काढत होता, आणि काळ कधीच मागे जात नाही असे त्यात गृहीत धरलेले होते. यंत्राने तोच सेकंद दोनदा मोजल्याने काळ मागे गेला, वजाबाकी ऋण आली, ती ऋण संख्या यादृच्छिक निवड करणाऱ्या फलनाला दिली गेली आणि कार्यक्रम कोसळला. कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेल्या विवरणानुसार ऐन भरात सुमारे ०.२ टक्के नामशोध त्यात अयशस्वी झाले. एका सेकंदाचा, तोही जगाला आधीपासून माहीत असलेला, हा परिणाम होता. त्याच वर्षी गो या संगणकीय भाषेच्या १.९ आवृत्तीत वेळेच्या नोंदीसोबत कधीही मागे न जाणाऱ्या एकदिश घड्याळाचे मापनही ठेवण्याची सोय आली. मग कार्यक्रम लिहिणाऱ्यांनीच एकदिश घड्याळ वापरावे, व्यवस्थापकांनी कशाला सावध राहावे, असा एक युक्तिवाद यावर केला जातो. कार्यक्रमकारांनी तसे करायलाच हवे. पण एकदिश घड्याळ एकाच यंत्रावरील कालावधी मोजते, दोन यंत्रांवरील घटनांचा क्रम ते सांगू शकत नाही, आणि जाळ्यातील बहुतेक नोंदी तर त्या क्रमावरच उभ्या असतात.

वितरित डेटाबेसचे उदाहरण याहून गंभीर आहे. कॅसँड्रासारख्या डेटाबेसमध्ये एकाच नोंदीच्या दोन आवृत्त्या भिडल्या, तर जिच्यावर नंतरच्या वेळेचा शिक्का आहे ती टिकते. शिक्का देणाऱ्या यंत्राचे घड्याळ १० मिनिटे पुढे गेलेले होते, त्या अवस्थेत एक नोंद लिहिली गेली, आणि नंतर कोणीतरी ते घड्याळ एका झटक्यात मागे घेतले, असे समजावे. पुढची १० मिनिटे त्या नोंदीत केलेला प्रत्येक बदल जुना समजून बाजूला पडेल, कोणतीही चूक दाखवली जाणार नाही, आणि बदल करणाऱ्याला तो यशस्वी झाल्याचेच कळवले जाईल. घड्याळ हळूहळू सावरले असते तर त्या यंत्राचे शिक्के चढत्या क्रमानेच राहिले असते. हळूहळू सावरणे व्यवहारात शक्य नाही, हा आक्षेप एनटीपीडीच्या बाबतीत काहीसा खरा आहे, कारण ५०० दशलक्षांशांच्या मर्यादेने एक सेकंद सावरायला त्याला २,००० सेकंद, म्हणजे ३३ मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि ५ मिनिटांच्या फरकाला जवळजवळ आठवडा लागेल. लिनक्सवरील क्रॉनी हा नवा कार्यक्रम मात्र मूळ मांडणीतच घड्याळाची गती एक-द्वादशांशापर्यंत बदलू शकतो, म्हणजे त्या कमाल गतीने ५ मिनिटांचा फरक तासाभरात नाहीसा होतो आणि काळ एकदाही उलटा फिरत नाही. त्या तासात मोजलेले कालावधी आठ टक्क्यांनी चुकतील, हे मान्य केले पाहिजे. तरी गमावलेल्या नोंदींच्या तुलनेत ही किंमत फार लहान आहे.

रूढ पद्धतीच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा मात्र टाळून चालणार नाही. ३० जून २०१२ च्या लीप सेकंदानंतर जगभरातील लिनक्स सर्व्हरांचे प्रोसेसर अचानक पूर्ण भाराने फिरू लागले. रेडिट, मोझिला आणि क्वांटास विमानकंपनीची आरक्षणव्यवस्था यांना त्याचा फटका बसला. तेव्हा हातोहात पसरलेला उपाय हाच होता, की चालू तारीख वाचावी आणि तीच पुन्हा सक्तीने बसवावी. आणि त्याने यंत्रे खरोखर शांत झाली. सक्तीची जुळवणी निरर्थक असती तर असे झाले असते का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दोषाच्या स्वरूपात आहे. लीप सेकंद मिळवताना लिनक्सच्या गाभ्याने मुख्य घड्याळ एका सेकंदाने बदलले, पण वेळ बदलल्याची सूचना गजरांचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्याच दुसऱ्या भागाला दिली नाही. त्यामुळे एका सेकंदाहून लहान मुदतीचे गजर लावताक्षणीच वाजू लागले आणि त्यांची वाट पाहणारे कार्यक्रम अखंड फिरत राहिले. तारीख पुन्हा बसवल्यावर राहिलेली सूचना दिली गेली. त्या यंत्रांची वेळ मुळात चुकलेली नव्हतीच, आणि बसवलेली वेळही नवी नव्हती. तो उपाय लागू पडला तो नेमक्या त्या दोषाला, आणि खरी दुरुस्ती गाभ्याच्या संहितेतच करावी लागली. एका दोषावर अचूक बसलेल्या उपायाला सर्व दोषांवरचा उपाय ठरवणे हा निदानशास्त्राचा भंग आहे.

आणखी एक तडजोड अशीच लोकप्रिय आहे, ती म्हणजे वेळ जुळत नसेल तर सहनमर्यादाच वाढवावी. मोठ्या संस्थांत ओळख पटवण्यासाठी वापरला जाणारा कर्बेरॉस हा करार, ज्यावर मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी उभी आहे, दोन घड्याळांत सामान्यतः ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेतो. हा आकडा कोणी लहरीने ठरवलेला नाही. ग्राहक आपली ओळख सिद्ध करताना वेळेचा शिक्का असलेला सांकेतिक मजकूर पाठवतो; तो मजकूर कोणी मध्येच टिपून पुन्हा वापरू नये म्हणून सर्व्हर मर्यादेबाहेरचा शिक्का नाकारतो आणि मर्यादेतील मजकूर पूर्वी येऊन गेला आहे का ते आपल्या नोंदीत पाहतो. मर्यादा ५ मिनिटांवरून तासावर नेणे म्हणजे चोरलेला मजकूर वापरण्याची संधी बारापट वाढवणे होय. घड्याळाच्या दुरुस्तीचा कंटाळा म्हणून सुरक्षेचा पाया खणणाऱ्या या सल्ल्याला समजूतदारपणाचे रूप दिले जाते, हे खेदजनक आहे.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतच सक्तीची जुळवणी सर्वांत अधिक फसते. तेथे सामान्य यंत्रे वेळ घेतात ती डोमेन कंट्रोलरकडून, कंट्रोलर घेतात ते पीडीसी एम्युलेटर ही भूमिका बजावणाऱ्या एका कंट्रोलरकडून, आणि त्या सर्वांत वरच्या यंत्राला बाहेरचा विश्वसनीय स्रोत नेमून द्यावा लागतो. तो नेमला गेला नसेल तर सगळी उतरंड एका साध्या मदरबोर्डच्या घड्याळावर चालते. वापरकर्त्याच्या यंत्रावर वेळ कितीदाही बरोबर बसवली तरी उतरंड ते यंत्र पुन्हा आपल्या चुकीकडे ओढून घेते, आणि मग यंत्रच सदोष असल्याचा निष्कर्ष निघतो. आभासी यंत्रांमुळे यात आणखी एक गुंता पडतो: डोमेन कंट्रोलर आभासी असेल आणि तो आपल्या यजमान यंत्राकडून वेळ घेत असेल, आणि यजमान यंत्र त्याच डोमेनचे सदस्य असल्यामुळे त्या कंट्रोलरकडून वेळ घेत असेल, तर वेळेचे वर्तुळ तयार होते, ज्यात प्रत्येकजण दुसऱ्याला विचारतो आणि कोणालाच वेळ माहीत नसते. अशा जाळ्यातील सर्व संगणक एकमेकांशी तंतोतंत जुळलेले असू शकतात. म्हणून सगळीकडे सारखीच वेळ दिसते हा वेळ बरोबर असल्याचा पुरावा मानता येत नाही. विंडोजमध्ये कालसेवेची स्थिती विचारल्यावर स्रोताच्या जागी स्थानिक सीमॉस घड्याळाचे नाव दिसले, तर शोध तेथेच वरच्या दिशेने वळवला पाहिजे.

वेळेची माहितीच उपलब्ध झाली नाही असा संदेश आला, की सर्व्हर बंद आहे असे समजून दुसरा सर्व्हर लिहिण्याची घाई होते. एनटीपी यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो आणि फायरवॉल तो पोर्ट अडवत असेल तरी पिंगला उत्तर मिळते. म्हणून पिंग यशस्वी झाल्याने काहीच सिद्ध होत नाही. उत्तर येऊनही ते नाकारले जाऊ शकते, कारण ज्या सर्व्हरची स्वतःची वेळ कोठे जुळलेली नाही तो आपला स्तर १६ सांगतो, आणि नीट लिहिलेला ग्राहक अशी वेळ घेत नाही. एनटीपीडीची स्थिती दाखवणाऱ्या एनटीपीक्यू या आज्ञेच्या तक्त्यात पोच दाखवणारा आकडा ३७७ असला, तर गेल्या आठही विचारणांना उत्तर मिळालेले असते. तो शून्य असला तर वाट बंद आहे, आणि तो ३७७ असूनही सर्व्हर निवडला गेला नसेल तर दोष वाटेत नाही, उत्तरात आहे.

एकच मोठा आणि अधिकृत सर्व्हर पुरेसा असतो, ही समजूतही याच पद्धतीचे अपत्य आहे. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे टिक आणि टॉक हे दोन सर्व्हर काही काळ २००० हे वर्ष सांगत होते. ज्यांच्याकडून जग वेळ घेते अशांपैकी ती संस्था होती. ज्या यंत्रणांनी तिच्यावरच विसंबून बारा वर्षांची उडी निमूट स्वीकारली, त्यांच्या डिरेक्टरी सेवा, राउटर आणि दूरध्वनी यंत्रणा कोलमडल्या; ज्यांनी अनेक स्रोत ताडून पाहिले होते किंवा १,००० सेकंदांहून मोठा बदल दिसताच थांबण्याची एनटीपीडीची मूळ मर्यादा काढून टाकलेली नव्हती, त्या बचावल्या. सक्तीने जुळवणाऱ्या आज्ञा हीच मर्यादा ओलांडण्यासाठी वापरल्या जातात. दोन स्रोत असले तरी भागत नाही, कारण ते भांडले तर खरे कोण हे ठरत नाही. एक खोटा ओळखायला निदान तीन लागतात, आणि एखादा बंद पडला तरी ही क्षमता टिकावी म्हणून चार ठेवण्याची शिफारस केली जाते.

भारतात या समजुतीला आता कायद्याचा आधार दिला जातो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि शासकीय संस्था यांनी आपल्या यंत्रणांची वेळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी जुळवली पाहिजे. त्यावरून पुणे-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत प्रत्येक यंत्रात त्यांपैकी एकाचे नाव लिहिले की कर्तव्य संपले, असा अर्थ लावणारे आढळतात. निर्देशांतच त्या सर्व्हरांपर्यंत माग पोचणारे मध्यस्थ सर्व्हर चालतील असे म्हटले आहे, आणि अनेक देशांत पसरलेल्या संस्थांना, त्यांची वेळ या दोन संस्थांच्या वेळेपासून ढळणार नसेल तर, अन्य प्रमाण स्रोतही वापरता येतात. संस्थेने आपले तीन-चार अंतर्गत सर्व्हर उभारावेत, त्यांना दोन्ही राष्ट्रीय स्रोत आणि ताडून पाहण्यासाठी आणखी काही स्रोत द्यावेत, आणि बाकीच्या यंत्रांनी त्यांच्याकडून वेळ घ्यावी, ही रचना निर्देशांच्या शब्दांत बसते आणि त्यांच्या हेतूलाही धरून आहे. याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपण्याची आणि सायबर घटना ६ तासांत कळवण्याची सक्ती आहे. घुसखोरीच्या तपासात प्रवेशद्वारावरील फायरवॉल, सर्व्हर आणि डेटाबेस यांच्या नोंदी एका क्रमात लावाव्या लागतात. मधल्या काळात कोणी एका यंत्राचे घड्याळ ४ मिनिटे मागे घेतले असेल आणि त्याची नोंद केली नसेल, तर त्या यंत्रावर तीच ४ मिनिटे दोनदा घडलेली दिसतात आणि आधी काय झाले हे कोणीही ठामपणे सांगू शकत नाही.

एक आक्षेप उरतो आणि तो प्रामाणिक आहे. बँकेचा काउंटर थांबला आहे, रुग्णालयात नोंदणी होत नाही, रांग वाढते आहे. अशा वेळी चालीचा आलेख काढत बसावे काय? बसू नये. मोठा फरक झटक्याने दूर करण्याचे प्रसंग असतात, आणि यंत्र सुरू होताना, बाकीचे कार्यक्रम चालू होण्यापूर्वी, तसे करणे योग्यच आहे. क्रॉनीच्या प्रचलित मांडणीत सुरुवातीच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच अशी उडी मंजूर असते, ती याच कारणाने. चालू यंत्रावर तशी वेळ आलीच, तर आज्ञा देण्यापूर्वी वेळेचा पट्टा, सध्याचा स्रोत, फरक, पोच आणि यंत्र शेवटचे केव्हा सुरू झाले एवढे लिहून घ्यावे. एक-दोन आज्ञांचे उत्तर जतन केले की त्यातील बरेचसे आपोआप मिळते. घड्याळ पुढे गेलेले असून ते मागे घ्यायचे असेल, तर डेटाबेस आधी थांबवावा, आणि त्याच्या नोंदींवर पडलेले शेवटचे शिक्के ओलांडेपर्यंत तो पुन्हा सुरू करू नये. उडी किती सेकंदांची होती आणि ती कोणत्या क्षणी मारली, हे त्या यंत्राच्या लॉगमध्ये आणि तपासकर्त्याला सापडेल अशा आणखी एका ठिकाणी नोंदवावे. त्यानंतर दिवसभर ठरावीक अंतराने फरक पुन्हा मोजावा: तो सरळ रेषेत वाढत असेल तर चाल सावरणारी सेवा बंद आहे किंवा चालच तिच्या आवाक्याबाहेर गेली आहे; तो तासनतास शून्याजवळ राहून एकाएकी उसळत असेल तर आभासी यंत्र थांबवून पुन्हा चालवले जात आहे किंवा दोन सेवा एकाच घड्याळावर हक्क सांगत आहेत; आणि तो दर वेळी त्याच जुन्या आकड्यावर परतत असेल तर चूक या यंत्राची नाही, वरच्या ज्या यंत्राकडून ते वेळ घेते तेथे जाऊन हीच मोजणी पहिल्यापासून करायला हवी.